अकरावीतल्या मुलीला रॉकेट इंजिनाच्या कंपनीत इंटर्नशिप: पाठवावं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

लेक अकरावी सायन्सला आहे, इथे नाशिकलाच. आठवीपासून तिला रॉकेटच्या इंजिनांचं वेड आहे. तारे, ग्रह, उपग्रह यांत तिला तेवढा रस नाही. इंजिन आतून कसं चालतं ते हवं असतं. या हिवाळ्यात तिने आम्हाला न सांगता काही कंपन्यांना मेल टाकले. बाकी कुणाचं उत्तर आलं नाही, पण पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीचं आलं. ते उपग्रहांसाठी थ्रस्टर, म्हणजे अवकाशात उपग्रहाला ढकलणारी लहान इंजिनं बनवतात. तिथल्या एका इंजिनिअर बाईंनी तिच्याशी व्हिडिओवर बराच वेळ बोलणं केलं आणि आता म्हणतात, मे आणि अर्धा जून ये. पैसे देणार नाहीत, घेणारही नाहीत. राहायला माझी बहीण कोथरूडला आहे.

इकडे क्लासवाल्यांनी बारावीचं एप्रिलमध्येच सुरू करणार म्हणून सांगितलंय. घरात रोज हाच विषय.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी खरंच काही करायला मिळतं, की कोपऱ्यात बसवून शेवटी सर्टिफिकेट देतात? आणि सुरक्षेचं काय? शेवटी तिथे आग आहे, दाब आहे. कुणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

चौकस

आधी लेकीचं कौतुक! स्वतः मेल लिहून उत्तर मिळवणं सोपं नाही.

फी घेत नाहीत हे वाचून बरं वाटलं. हल्ली 'स्पेस इंटर्नशिप' म्हणून पैसे घेऊन चार व्हिडिओ दाखवणारे बरेच निघालेत. तीन गोष्टी लेखी मागा: रोजचं मार्गदर्शन कोण करणार, ती कुठल्या खोल्यांत जाणार आणि कुठल्या खोल्यांत जाणार नाही, आणि तिच्यासाठी ठरवलेलं काम काय.

राजगड

स्पष्ट लिहितो, ताई, राग मानू नका. पाठवू नका.

मुलीला खरोखर या क्षेत्रात जायचं असेल तर रस्ता ठरलेला आहे. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत एरोस्पेसचं बीटेक आहे, तिथे प्रवेश जेईई अ‍ॅडव्हान्सच्या गुणांवर. आयआयटीतलं एरोस्पेसही तसंच. या प्रवेशांत इंटर्नशिपचा एक गुणही धरत नाहीत. बारावीच्या आधीचा मे महिना हा शेवटचा मोकळा काळ. यांत्रिकी आणि उष्मागतिकी या महिन्यात पक्की झाली तर तीच पुढे इंजिनाला उपयोगी पडणार आहे. थ्रस्टर चार वर्षांनीही तिथेच असतील.

माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी हे पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतोय.

सोनचाफा

मी तर म्हणते पाठवाच. नाशिकची पोर पुण्यात महिनाभर राहणार म्हणजे मिसळ कुणाची चांगली यावरून मावशीशी भांडण, एवढा एकच मोठा धोका दिसतोय.

हंट्सविलकर

आम्ही अलाबामात, हंट्सव्हिलला असतो. नासाचं मार्शल केंद्र इथे १९६० साली सुरू झालं, चंद्रावर जाणारं सॅटर्न-५ इथेच घडलं. गावाला रॉकेट सिटीच म्हणतात. इथल्या हायस्कूलच्या मुलांना प्रॉपल्शनची, म्हणजे रॉकेट इंजिनांच्या कामाची, इंटर्नशिप हे स्वप्न फार लांबचं वाटत नाही. माझ्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात एका विद्यापीठाच्या प्रॉपल्शन लॅबमध्ये काम केलं, तेव्हा ती अकरावीतच होती.

आधी इथली दारं कशी आहेत ते सांगतो, कारण इथल्या मराठी पालकांचे मला वरचेवर फोन येतात. नासाच्या इंटर्नशिपला वय किमान १६ आणि अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. खाजगी रॉकेट कंपन्यांत शस्त्रनिर्यातीचे नियम, म्हणजे आयटार, आड येतात. रॉकेट इंजिनाची तांत्रिक माहिती परदेशी माणसाला अमेरिकेतल्या अमेरिकेत दाखवली तरी ती निर्यात धरली जाते. ग्रीनकार्डवाल्याला चालतं, पण नोकरीसाठी आलेल्या पालकांबरोबर एच-४ व्हिसावर आलेल्या मुलाला नाही. शिवाय त्या मुलांना पगारी काम करण्याचीच परवानगी नसते. आमच्या ओळखीतला एक अतिशय हुशार मुलगा, लहानपणापासून इथेच वाढलेला, केवळ यामुळे बाहेर राहिला. त्याच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काही दिवस मुलीने फक्त भाग साफ केले. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना असतो आणि त्याच्या वाटेत तेलाचा अंश जरी राहिला तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक नळी धुवायची, सुकवायची, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरायची. तेल आणि धागे त्या उजेडात चमकतात. एका फिटिंगच्या आट्यांमध्ये तिला निळसर रेघ दिसली आणि संपूर्ण संच परत धुवायला गेला. कुणी वैतागलं नाही. उलट तिथल्या वरिष्ठ तंत्रज्ञाने ते फिटिंग सगळ्यांना दाखवलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती जेवताना दुसरं काही बोललीच नाही.

इंजिन पेटलं तेव्हा ती नियंत्रण खोलीत, भिंतीपलीकडे, पडद्यासमोर. चाचणीच्या वेळी सगळेच तिथे असतात.

सोनचाफा

आमच्याकडे कुकरचं झाकण घासायलाही कुणी तयार नसतं! हंट्सविलकर, सुट्टीत लेकीला घेऊन आमच्याकडे या, पुरणपोळी करते.

जुना_फिटर

गोदाकाठ ताई, माझं आयुष्य कारखान्यात गेलं, त्यातली बरीच वर्षं रॉकेट मोटरच्या केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाच्या, वेल्डिंग तपासणीत. लोकांना वाटतं रॉकेट श्रीहरिकोट्यालाच बनतं. इस्रोच्या पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ या रॉकेटांच्या घन इंधनाच्या मोटरची केसिंग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होतात. द्रव इंधनावरची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये जुळतात. एलव्हीएम-३ च्या बाजूचे ते दोन बूस्टर ३.२ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग पोलादाचे. आत प्रत्येकी दोनशे टनांच्या वर इंधन. त्यातला एक वेल्ड जरी कच्चा राहिला तर काय होईल याचा विचार करून आम्ही एक्स-रेच्या फिल्म बघायचो.

पोरीला सांगा, पहिल्या दिवशी व्हर्नियर आणि मायक्रोमीटर नीट धरायला शिक. मोजमाप आलं की पुढची दारं आपोआप उघडतात. माझ्या हाताखाली डिग्रीवाली पोरं यायची, सूत्रं तोंडपाठ, पण बोल्टला किती टॉर्क द्यायचा हे हाताला ठाऊक नसायचं. ही सोळाव्या वर्षी शिकणार असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि राजगड साहेब, थ्रस्टर चार वर्षांनी तिथे असतील, पण शिकवायला तयार झालेल्या त्या बाई असतीलच असं नाही.

कायदेकानू

सुरक्षेच्या प्रश्नाला कायद्याची बाजू. बालकामगारांचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला, त्यात १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आली. ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांच्या कामावर या वयाच्या मुलांना ठेवता येत नाही. शिकायला येते, पैसे देत नाही, म्हणून कंपनीने हे हलक्यात घेऊ नये. पत्रात स्पष्ट लिहून घ्या की इंधन हाताळणी, साठवण आणि चाचणीच्या वेळी चाचणी कक्ष या तिन्ही गोष्टींपासून ती लांब राहील. चांगली कंपनी हे स्वतःहून लिहून देते. जी कंपनी का-कू करेल तिथे पाठवू नका, हे मी वकील म्हणून नाही, आई म्हणून सांगते.

चौकस

+१. अगदी हेच.

पाऊलखुणा

सुरक्षेवरून आठवलं. २००४ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोट्याला घन इंधनाच्या विभागात आग लागून सहा जण गेले. ते रोज तेच काम करणारे अनुभवी लोक होते. कायदेकानू यांचा प्रतिसाद प्रत्येक पालकाने वाचावा.

अवांतर: यूट्यूब बघून घरी साखरेच्या इंधनाचं रॉकेट करणारी मुलं आमच्या सोसायटीत आहेत. त्यांच्यापेक्षा ही मुलगी जाणत्या माणसांच्या नजरेखाली शिकणार असेल तर ते केव्हाही बरं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. राजगड, राग अजिबात नाही, आमच्या घरात निम्मी मतं तुमच्याच बाजूची आहेत.

कंपनीला आज मेल केला, उत्तर लगेच आलं. इंधनाच्या जवळ ती जाणार नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. तिच्यासाठी ठेवलेलं काम: इंजेक्टरच्या पाण्याने चाचण्या घेणं, नोंदी ठेवणं, आलेख काढणं. लेक थोडी हिरमुसली. म्हणते, "पाण्याने तपासून इंजिनाबद्दल काय कळणार?" कुणी समजावून सांगेल का? तिला वाचून दाखवते.

ज्वलनशास्त्री

मी ज्वलन या विषयात पीएचडी करतेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. तिला सांग, तिच्या वाट्याला फार चांगलं काम आलंय.

इंजेक्टर म्हणजे इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) ज्या बारीक भोकांतून ज्वलनकक्षात शिरतात ती तबकडी. इंजिन नीट जळेल की भिंत वितळवेल, याचा बराचसा निकाल तिथे लागतो. आता एक भोक घेऊ, व्यास १ मिलिमीटर. पाण्याचा दाब अलीकडे पलीकडच्यापेक्षा ५ बारने जास्त. बर्नूलीच्या सूत्राने पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ३२ मीटर येतो आणि भोकातून सेकंदाला २५ ग्रॅमच्या आसपास पाणी जायला हवं. हा हिशेब एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातला आहे, तिने आत्ता करून बघावा.

मग प्रत्यक्ष चाचणी. भांडं वजनकाट्यावर ठेवायचं, झडप उघडायची, ३० सेकंद पाणी गोळा करायचं. ७५० ग्रॅम भरायला हवं, भरतं सव्वापाचशे. म्हणजे २५ च्या जागी साडेसतरा. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला विसर्ग गुणांक म्हणतात, इथे तो ०.७ आला. पाणी भोकाच्या कडेवरून वळताना आकसतं, घर्षण होतं, म्हणून तो एकापेक्षा कमी. कड धारदार आहे की किंचित गोल, भोक किती खोल आहे, यावर तो बदलतो. हा आकडा कुठल्याही सूत्रातून आपल्या तबकडीसाठी नेमका मिळत नाही, मोजावाच लागतो. एकदा मिळाला की पाण्याच्या जागी इंधनाची घनता घालून खऱ्या प्रवाहाचा अंदाज येतो.

आणखी एक. शेजारशेजारच्या वीस भोकांपैकी एकातून पाणी तिरकं उडताना दिसलं, तर पेटवल्यावर तिथली ज्वाळा भिंतीला चाटणार. ते पाण्याच्या चाचणीत फुकटात कळतं.

जुना_फिटर

ज्वलनशास्त्री बाई, तिरकी धार बहुतेक वेळा बरमुळे. ड्रिल पलीकडे निघताना भोकाच्या कडेला जो बारीक पत्र्याचा ओठ राहतो तो. नखाने लागत नाही, भिंगाखाली दिसतो. चाचणीआधी प्रत्येक भोक भिंगाखाली बघायची सवय पोरीने लावून घ्यावी.

हंट्सविलकर

इंजेक्टर म्हणजे काय चीज आहे ते सांगायचा मोह आवरत नाही. सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्याची एफ-१ इंजिनं सुरुवातीला चाचणीत फुटत होती. ज्वलनकक्षातल्या दाबाच्या लाटा वाढत जायच्या आणि क्षणात इंजिनाचे तुकडे. पक्कं सूत्र कुणाकडेच नव्हतं. शेवटी इंजेक्टरच्या रचना बदलत, तबकडीवर आडव्या-उभ्या भिंती घालत, चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवून लाट किती लवकर शमते ते मोजत त्यांनी मार्ग काढला. पुढे सॅटर्न-५ च्या एकाही उड्डाणात एफ-१ ने दगा दिला नाही. ताई, लेकीला सांगा, चंद्रावर जाण्याचा रस्ता एका भोकं पाडलेल्या तबकडीतून गेला.

राजगड

माहिती उत्तम आहे, आवडली. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. बर्नूली तिला क्लासमध्येही शिकवतीलच.

ज्वलनशास्त्री

शिकवतील. पण विसर्ग गुणांक ०.७ का आला, हा प्रश्न तिला स्वतःहून पडेल तो पाणी तोलताना. मी स्वतः जेईई देऊनच इथवर आले, त्या अभ्यासाला कमी लेखत नाही. ज्या मुलीला इंजिनच हवंय, तिचा अभ्यास या महिन्याने मागे न पडता जोरात पुढे जाईल, असं मला मनापासून वाटतं.

डोंगरवाडी_सर

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी नंदुरबार जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. सगळं छान आहे, पण एक गोष्ट टोचते. आमच्या मुलांची कोथरूडला मावशी नसते. इंग्रजीत मेल लिहायला घरात कुणी नसतं. अशा मुलांनी काय करायचं?

जे ठाऊक आहे ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. इस्रोची नेहमीची इंटर्नशिप पदवीचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी असते, अकरावी-बारावीच्या मुलांना ती मिळत नाही. शाळकरी मुलांसाठी त्यांनी २०१९ पासून युविका सुरू केलं. नववीच्या मुलांसाठी, मे महिन्यात, साधारण दोन आठवडे, इस्रोच्या केंद्रांवर राहून. खर्च इस्रोचा. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत जादा भारांक असतो. अर्ज ऑनलाइन आणि मुदत थोडी, त्यामुळे बऱ्याच खेड्यांतल्या शाळांना बातमीच उशिरा कळते. मुख्याध्यापकांनी नववीतल्या मुलांचे आठवीचे निकाल आणि प्रमाणपत्रं डिसेंबरातच तयार ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम वर्षानुवर्षं चालतो, एका मार्गदर्शकाबरोबर आठवडाभर काम. विषय खगोलशास्त्राकडे झुकणारे, पण पद्धत हीच: जाणत्या माणसाजवळ बसून शिकणं. तो पुण्यातल्या शाळांसाठी. असं नंदुरबारला, गडचिरोलीला का होऊ नये?

पाऊलखुणा

सर, तुमचं टोचणं रास्त आहे.

यावरून डॉ. वसंत गोवारीकर आठवले. केरळात थुंब्याला १९६३ च्या नोव्हेंबरात पहिलं रॉकेट उडालं तेव्हा ते अमेरिकी बनावटीचं होतं, आणि तिथली पहिली कार्यालयं मच्छीमारांच्या वस्तीतल्या एका चर्चमध्ये थाटलेली. पुढे देशाचं स्वतःचं घन इंधन उभं करण्यात गोवारीकरांचा मोठा वाटा, नंतर ते तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही झाले. मराठी माणसाचं या विषयाशी नातं इतकं जुनं आहे आणि आपल्या शाळांत ते नाव क्वचितच घेतलं जातं.

ज्वलनशास्त्री

डोंगरवाडी सर, वर लिहिलेली पाण्याची चाचणी शाळेत करता येईल. दाबाऐवजी उंचीवर ठेवलेली टाकी, तबकडीऐवजी भोक पाडलेलं प्लॅस्टिकचं झाकण, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि फोनचं घड्याळ. एक मीटर उंचीच्या पाण्याने ०.१ बारच्या जवळपास दाब मिळतो. २ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण १४ ग्रॅम यायला हवेत. मुलांनी मोजून गुणांक काढावा, मग कड घासून गोल करून परत मोजावा. शिवाय ओपनरॉकेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, त्यात मुलं रॉकेट आखून ते किती उंच जाईल ते बघू शकतात.

तुम्ही म्हणाल तेव्हा तुमच्या वर्गाशी व्हिडिओवर बोलायला मी तयार आहे. मराठीत.

डोंगरवाडी_सर

नक्की! तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. टाकी आहे, झाकणं गोळा करायला मुलांना आजच सांगतो.

कायदेकानू

गोदाकाठ, आणखी एक. कंपनी गोपनीयतेचा करार करायला सांगेल. मुलगी कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची आहे, त्यामुळे तिची एकटीची सही चालणार नाही, पालक म्हणून तुम्ही वाचून सही करा. तिला समजावा की तिथले फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. वही मात्र रोज लिहावी, आणि निघताना त्यातलं काय सोबत नेता येईल ते मार्गदर्शकांना विचारावं.

जुना_फिटर

एक राहिलं. दाबाची तपासणी चालू असेल तर ती पाण्याने आहे की वायूने, हे तिने आधी विचारावं. हवा भरलेला फुगा फुटतो, पाण्याने भरलेली पिशवी नुसती फाटते. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. वायूने दाब देणार असतील तर तिने खोलीबाहेर उभं राहायचं, कुणी कितीही 'ये बघायला' म्हटलं तरी.

गोदाकाठ

जुना_फिटर काकांचा प्रतिसाद तिने स्वतः वाचला आणि वहीत लिहून घेतला. बर्नूलीचा हिशेबही केला, २५ च्या किंचित आत उत्तर आलं. आता हिरमुसलेली अजिबात नाही, कुठलं भोक किती गोल केलं तर गुणांक किती वाढेल यावर वडिलांना पिडते आहे.

आमचं ठरलं. फक्त मे महिना, जून नाही. कंपनीला ते चाललं. क्लासमध्ये बोलून आले, त्या काळातल्या तासांचं रेकॉर्डिंग देणार आहेत आणि संध्याकाळी कोथरूडला बसून ती ते बघणार. पत्रात चौकस आणि कायदेकानू यांनी सांगितलेलं सगळं लिहून आलं आहे. चाचणी कक्षाच्या दारापर्यंतच तिला जाता येईल.

राजगड

निर्णय विचार करून घेतलाय, छान. रेकॉर्डिंग साठू देऊ नका, त्याच दिवशी संपवायला सांगा. उष्मागतिकीच्या माझ्या मुलाच्या नोट्स आहेत, हाताने लिहिलेल्या, फार सुरेख. पुण्यातच आहेत, पत्ता कळवलात तर मावशीकडे पोचवतो.

गोदाकाठ

राजगड, खूप खूप आभार. व्यनि केला आहे. एक बारीक प्रश्न: कंपनीने सेफ्टी शूज आणायला सांगितलेत. तिचा पाय लहान, नाशिकला तिच्या मापाचे मिळेनात.

जुना_फिटर

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा, लहान मापं मागवून देतात. पायात मोजे घालून, संध्याकाळी माप घ्या, दिवसभराने पाय थोडा सुजतो. पुढे बोटांना अर्धा इंच जागा हवी. आणि तिथेच एक साधा व्हर्नियर घ्या तिला, स्वतःचा.